दुपारची वीज, रात्रीचा कोळसा

(पडद्यावर: काळोख. गव्हाच्या वावरात बॅटरीचा झोत हलतोय. लांबून मोटरीची घरघर.)

रात्रीचे साडेबारा वाजलेत. थ्री फेज लाईट आत्ता आली. गव्हाला पाणी द्यायचंय, म्हणून गमबूट चढवून, कपाळाला बॅटरी बांधून माणूस बांधावर उभा आहे. दारं फोडायचं, वाफा भरला की दुसरं धरायचं. शेजारी उसाचा फड असेल तर कान सारखा तिकडे. बिबट्याचा काय भरवसा. फेज गेला तर डीपीपर्यंत अंधारात चालत जायचं. आठवड्यातले काही दिवस लाईट दिवसा, काही दिवस रात्री. महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत, त्यामुळे हे दृश्य आपल्याला नवं नाही.

ही फिल्म मात्र शेतीवर नाही. भारत सरकारने जगाला दिलेल्या एका वचनावर आहे. त्या वचनाचा या मोटरीशी संबंध आहे, फक्त तो दिसायला पूर्ण चोवीस तास लागतात.

(पडद्यावर: चंद्रपूर. चिमण्या, वर लाल दिवे. कोळशाचा पट्टा सरकतोय.)

आत्ता, या क्षणी, ती मोटर कशावर चालतेय? बहुतेक कोळशावर. हे चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र, क्षमता २९२० मेगावॉट, राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं. रात्री सूर्य नसतो, वाऱ्याचा नेम नसतो. कोळसा मात्र पट्ट्यावरून येत राहतो. देशात वर्षभरात तयार होणाऱ्या विजेचा साधारण सत्तर-पंच्याहत्तर टक्के वाटा असाच येतो. २०२४-२५ या वर्षात भारताने पहिल्यांदाच १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. त्याच वर्षी सौर ऊर्जेचेही विक्रम झाले. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० या वर्षाचा हिशेब आहे. वर्षभरात सोडलेले हरितगृह वायू सुमारे २९६ कोटी टन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजलेले. त्यातले तीन चतुर्थांश ऊर्जेतून: वीज, वाहनं, कारखान्यांच्या भट्ट्या. शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या जवळपास, त्यात जनावरांच्या पोटातला मिथेन आणि भातखाचरं. आणि २०२० म्हणजे टाळेबंदीचं वर्ष. आदल्या वर्षापेक्षा आकडा जवळपास आठ टक्क्यांनी खाली होता. ती घट योजनेमुळे नव्हती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

(पडद्यावर: पहाट. गावातला पार. चहाची टपरी.)

आता वचनाकडे. हवामानबदल रोखण्यासाठीच्या १९९७ च्या क्योटो करारात भारतावर कपातीचं बंधन नव्हतं. धूर ज्यांनी दीडशे वर्षं काढला त्यांनी आधी आवरावा, हे आपलं म्हणणं होतं आणि ते तेव्हा मान्यही झालं. २०१५ च्या पॅरिस करारात चाल बदलली. प्रत्येक देशाने आपापलं लक्ष्य स्वतः ठरवून लिहून द्यायचं. लग्नातल्या आहेरासारखं: किती द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण वहीत नावापुढे आकडा लिहिला जाणार. भारताने पॅरिसच्या आधीच आपला आकडा कळवला, आणि २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधी जयंतीच्या दिवशी, करारावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं.

मग ग्लासगोची हवामान परिषद. १ नोव्हेंबर २०२१. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी व्यासपीठावरून पाच घोषणा केल्या आणि त्यांना पंचामृत म्हटलं. २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची वीजक्षमता ५०० गिगावॉट, म्हणजे पाच लाख मेगावॉट. देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी निम्मी नवीकरणीय स्रोतांतून. अंदाजित उत्सर्जनात १०० कोटी टनांची कपात. अर्थव्यवस्थेची कार्बन तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी. आणि २०७० साली नेट झीरो, म्हणजे जितका वायू सोडू तितका शोषूनही घेऊ.

इथे जरा थांबू या, कारण गंमत पुढे आहे.

(पडद्यावर: कोरा कागद. त्यावर एकेक शब्द उमटतो.)

भाषण वेगळं, लेखी वचन वेगळं. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने जे लेखी वचन मंजूर केलं, त्यात आकडेवारीची नवी लक्ष्यं दोनच होती. तीव्रतेचे ४५ टक्के जसेच्या तसे आले. १०० कोटी टन आले नाहीत. आणि 'निम्मी ऊर्जा' या घोषणेचं काय झालं, ते शब्दाशब्दाने पाहण्यासारखं आहे. 'ऊर्जा' च्या जागी 'वीज' आली. आपण गाड्यांत जाळतो ते डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, पोलाद वितळवायचा कोळसा, हे सगळं ऊर्जेत येतं, विजेत येत नाही. मग 'गरज' च्या जागी 'क्षमता' आली. आणि 'नवीकरणीय' च्या जागी 'बिगर-जीवाश्म', म्हणजे त्यात तारापूरसारखे अणुप्रकल्पही धरायचे.

तीन शब्द बदलले की डोंगराची टेकडी होते. ही फसवणूक म्हणणार नाही मी. भाषण करणाऱ्याला टाळ्या मिळतात, कागदावर सही करणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. लिहिणाऱ्यांनी पूर्ण करता येईल तेच लिहिलं. पण घोषणेचं वाक्य आणि वचनाचं वाक्य आपल्याकडे अजूनही एकच समजून चालवलं जातं, ते काही बरोबर नाही.

तीव्रता हाही असाच निसरडा शब्द. शंभर रुपयांचा माल तयार करताना २००५ साली जितका धूर निघायचा, त्याच्या ५५ टक्केच धूर २०३० साली निघावा, हे वचन आहे. एकूण धूर किती, यावर त्यात मर्यादा नाही. समजा धंदा चौपट झाला आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरली, तर एकूण धूर दुपटीहून जास्त भरेल आणि वचनही पाळलं जाईल. २०२० पर्यंत ही तीव्रता ३६ टक्क्यांनी उतरली होती.

मग यात अर्थ काय? अर्थ आहे. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. ज्या घरात फ्रिज आत्ता कुठे आला, त्या घराला वीज कमी जाळ म्हणून सांगता येत नाही. वाढ होणारच, ती कमी धुराची व्हावी एवढंच मागता येतं. म्हणूनच तर २०२१ मध्ये ग्लासगोच्या शेवटच्या रात्री कोळसा 'संपवणं' हा शब्द बदलून 'कमी करत नेणं' करावा, असा आग्रह भारताने धरला. परिषदेच्या अध्यक्षांचा आवाज तेव्हा भरून आला होता. भारतावर खूप टीका झाली. तेल आणि वायू यांचं नाव मात्र त्या वाक्यात नव्हतंच, याबद्दल कुणाला रडू आलं नाही.

(पडद्यावर: भर दुपार. निळ्या पॅनलच्या रांगा. मागे विद्युत उपकेंद्र.)

आता दुपारचे साडेबारा. बारा तास झाले.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की बिगर-जीवाश्म क्षमतेचं ५० टक्क्यांचं लक्ष्य गाठलं, मुदतीच्या पाच वर्षं आधी. देशाची एकूण क्षमता होती ४८४.८ गिगावॉट, त्यातली २४२.८ बिगर-जीवाश्म. बातमी खरी, अभिनंदनही योग्य. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. गोठ्यात दहा जनावरं आहेत म्हणून दहा जनावरांचं दूध निघतं असं नाही. भाकड किती, दुभती किती, ते पाहावं लागतं. सौर पॅनल वर्षातल्या एकूण तासांच्या हिशेबाने पाव क्षमतेच्या आसपासच वीज देतं. कोळशाचा संच त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे निम्मी क्षमता स्वच्छ झाली, तरी वापरलेल्या युनिटांत तिचा वाटा पावाच्या आसपासच राहतो.

दुपारी मात्र सूर्याचंच राज्य असतं. राजस्थानात भडला, कर्नाटकात पावगडा, अशी मैलोगणती पॅनल पसरलेली आहेत. तिथून वीज बाहेर न्यायला तारा लागतात, आणि त्या तारांना धडकून माळढोक मरतात. सोलापूरच्या नान्नजचा माळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना या पक्ष्याचं दुःख वेगळं सांगायला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून घालण्याचा आदेश दिला, मार्च २०२४ मध्ये तो सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे, असंही म्हटलं. एका पक्ष्याच्या खटल्यात माणसांना हक्क मिळाला.

पण ही दुपारची वीज वापरायची कोणी? कारखाने वापरतात, कचेऱ्या वापरतात. घरातली मोठी मागणी संध्याकाळची. साठवायला बॅटरी लागते आणि बॅटरीला पैसा. मग ज्याला विजेच्या घड्याळाची खरी गरज नाही असा वापरकर्ता शोधायचा, आणि त्यालाच दुपारी बोलवायचं.

असा वापरकर्ता म्हणजे आपली ती मोटर. गव्हाला पाणी रात्री साडेबारालाच हवं असतं असं कुठे आहे? ते रात्री दिलं जातं, कारण लाईट रात्री असते.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. शेतीला सौर वीज देण्याच्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेचा आधार तिला आहे. कल्पना साधी आहे: गावाजवळच्या उपकेंद्रालगत काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला, म्हणजे कृषिपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची. जागा सरकारी किंवा खासगी. खासगी असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, तीन मेगावॉटचा.

तीन मेगावॉट म्हणजे चंद्रपूरच्या हजारातला एक भाग. पण मला या सगळ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. नेट झीरो, ग्रीन हायड्रोजन (स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन) यांची नावं मोठी आहेत. त्या हायड्रोजन मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले, त्याचं फळ यायचं तेव्हा येईल. इथे मात्र वीज साठवावी लागत नाही, दूरवर वाहून न्यावी लागत नाही, आणि माणूस रात्री घरी झोपतो. विहिरीत पाणी आहे तोवर, हे खरं. दुपारच्या स्वस्त विजेने भूजलाचा उपसा वाढला तर तो हिशेब कार्बनच्या वहीत लिहिला जात नाही.

त्या वहीत झाडांचं पानही आहे. जंगलं आणि झाडांनी जादा २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषावा, असं वचन. २२९ कोटी झाल्याचं सरकारने कळवलंय. फक्त आपल्याकडे वनाच्छादन मोजताना उपग्रहाला हेक्टरभरात दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली दिसली की पुरतं. ताडोबाचा सागही त्यात, देवगडची हापूसची बागही त्यात.

(पडद्यावर: घाटघर. कोकणकडा. सूर्य खाली चाललाय.)

संध्याकाळचे साडेसहा. आता खरी परीक्षा.

पाऊण-एक तासात सौर वीज शून्यावर येते. त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात. देशाच्या वीजजाळ्यावर बसलेल्या माणसांसाठी हा रोजचाच घाट आहे. दुपारी कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत दाबून ठेवायचं, संध्याकाळी पुन्हा फुलवायचं. जुना संच असा रोज वरखाली करायला बनलेला नाही. नळ्या तापतात, निवतात, चिरतात. तरी नियम सांगतात की पुढे त्याला ४० टक्क्यांपर्यंतही उतरावं लागेल.

दुसरा उपाय या कड्यात आहे. अकोले तालुक्यात वर घाटघरचं धरण, खाली शहापूरच्या बाजूला चोंढ्याचं. मध्ये डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचं वीजगृह, २००८ पासून चालू. वीज फुकट वाटावी इतकी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाईत तेच खाली सोडायचं. चार युनिट घातले तर तीनच्या आसपास परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटतो, पण दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट एका भावाचं नसतं. आता सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येताहेत. भिवपुरी, शिरवटा ही नावं ऐकू येऊ लागलीत. डोंगर तेच, जंगल तेच, त्यामुळे भांडणंही होतील.

पैशाचं भांडण आधीच चालू आहे. लेखी वचनात भारताने लिहून ठेवलंय की हे सारं परदेशी तंत्रज्ञान आणि स्वस्त भांडवलाच्या मदतीने होईल. २०२४ च्या बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं ठरवलं. भारताने तिथल्या तिथे उठून ते नाकारलं. आकडा फारच तोकडा आहे म्हणाला. पण ठराव त्याआधीच मंजूर झाला होता.

(पडद्यावर: पुन्हा रात्र. दोन गावांचे दिवे.)

रात्रीचे साडेनऊ. चंद्रपूरचा पट्टा पूर्ण वेगात आहे. घाटघरच्या खालच्या धरणात पाणी चढलंय.

ज्या फीडरवर सौर वीज पोहोचली, तिथला माणूस जेवून अंगणात बसलाय. त्याचा गहू दुपारीच भिजला. पलीकडच्या फीडरच्या प्रकल्पाला जागा मिळालीय, खांब यायचेत.

तिथे आज पाळी रात्रीची आहे. लाईट साडेबाराला येईल.