माडीवर इंग्रजी, चुलीपाशी तमिळ, रस्त्यावर कन्नड

(पडदा काळा. लाकडी जिन्यावरून कुणीतरी धावत उतरतंय, फक्त पावलांचा आवाज.)

म्हैसूरमधलं एक घर. 1930 चं दशक. माडीवर वडलांची अभ्यासाची खोली, पुस्तकांनी गच्च, तिथं बोलणं इंग्रजीत. खाली स्वयंपाकघरात आईचं राज्य, तिथं तमिळ. आणि उंबरा ओलांडला की कन्नड, म्हणजे मित्र, दुकानदार, गल्ली सगळंच कन्नड. या घरातला पोरगा दिवसभर वरखाली करायचा आणि प्रत्येक फेरीला तोंडातली भाषा बदलायचा, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला तेव्हा वाटतही नसणार, पोरांना काय, घर आहे तसंच घर.

हा पोरगा म्हणजे अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन. जग ओळखतं ते ए. के. रामानुजन म्हणून. जन्म 16 मार्च 1929. नाव ऐकलं की पुष्कळांना गणितातले रामानुजन आठवतात, तर हे ते नाहीत, हे कवी. पण गणित घरात होतंच, कारण वडील गणिताचे प्राध्यापक.

या वडलांबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे.

(जुना फोटो, हळूहळू जवळ येत.)

डोक्याला पांढरंशुभ्र पागोटं, कपाळावर वैष्णवांचं गंध, धोतर, आणि त्या धोतरावर इंग्रजी कोट. पायात चौकडीचे मोजे, चकचकीत पॉलिशचे बूट. असे युनिव्हर्सिटीत जायचे, आणि घरी आले की आतल्या खोल्यांत पाऊल टाकायच्या आधी बूट आठवणीनं काढून ठेवायचे. घरी पाहुणे यायचे ते दोन तऱ्हेचे, एक परदेशी गणितज्ञ आणि दुसरे इथलेच ज्योतिषी, कारण हे खगोलही जाणत होते आणि पत्रिकाही मांडत होते. सकाळी अंघोळ करून गीता वाचायची आणि त्याच दिवशी नंतर बर्ट्रांड रसेल या नास्तिक इंग्रज तत्त्वज्ञाबद्दल कौतुकानं बोलायचं. पोराला हे झेपेना. नुकतंच विज्ञान डोक्यात शिरलेलं वय ते, त्यानं विचारलं की नेपच्यून नि प्लूटो सापडले, आता तुमच्या नवग्रहांचं काय? वडील म्हणाले, लागतील त्या दुरुस्त्या करून घ्यायच्या. आणि एकाच माणसात हे दोन्ही कसं मावतं म्हणून विचारलं तर म्हणाले, मेंदूचे दोन भाग असतात, ठाऊक नाही का तुला?

हा प्रश्न रामानुजननी पुढं सगळं आयुष्य सोडला नाही. 1989 मध्ये, साठीला आल्यावर, त्यांनी निबंध लिहिला, विचार करण्याची भारतीय अशी काही रीत आहे का, या नावाचा, आणि त्यात हे वडील, हे मोजे, हे ज्योतिषी सगळे आणले. म्हणणं साधारण असं की आपल्याकडे नियम संदर्भाला धरून चालतो. कोण, कुठं, कुठल्या ऋतूत, कुणाशी, यावर ठरतं. व्याकरणातसुद्धा काही नियम सगळीकडे लागू होतात आणि काही फक्त ठरावीक जागी, तसंच. सगळ्यांना हे पटलं असं नाही, पण मला यातलं आवडतं ते हे की इतका मोठा सिद्धांत त्यांनी बापाच्या बुटांपासून सुरू केला.

आणि याच वडलांनी पोराला साहित्याकडे वळवलं. कॉलेजात सायन्सला नाव घातलं होतं, वडलांनी ओळखलं की याचं डोकं गणिताचं नाही, आणि एक दिवस त्याला धरून रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेलं आणि विषय बदलून इंग्रजी करून टाकला. गणिताच्या प्राध्यापकानं! आजही किती बाप हे करतील?

(बेळगाव. पावसाळी सकाळ, कॉलेजची कमान.)

एम.ए. झाल्यावर नोकरी. आधी केरळात कोल्लम, मग आमचं बेळगाव, लिंगराज कॉलेज, नंतर बडोदा. मी बेळगावची, म्हणून इथं माझा आवाज जरा बदलेल. 1950 च्या दशकात हा तिशीही न गाठलेला मास्तर इथं इंग्रजी शिकवत होता, म्हैसूरची कन्नड बोलणारा तमिळ माणूस, आणि आजूबाजूला उत्तरेकडची रांगडी कन्नड नि तिच्यात मिसळलेली मराठी. वर्गात शेक्सपिअर वगैरे, आणि त्याचबरोबर याच भागात तो बायाबापड्यांकडून गोष्टी गोळा करत होता. अशा गोष्टी की ज्यांना तेव्हा कुणी साहित्य म्हणत नव्हतं. पोरांना भरवताना सांगायच्या गोष्टी हो, त्या लिहून कशाला घ्यायच्या! लहानपणी स्वयंपाकघरात त्यानंही अशाच ऐकल्या होत्या, म्हणून त्याला किंमत माहीत होती.

मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, तिथं भाषाशास्त्र. मग 1959 ला फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून अमेरिका, इंडियाना युनिव्हर्सिटी, 1963 ला पीएचडी, विषय कन्नडचं व्याकरण. त्याआधीच, 1962 पासून, शिकागो युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले होते आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले.

(लायब्ररीचं तळघर. मंद दिवा. लोखंडी मांडण्या.)

1962. शिकागोतले पहिले दिवस, शनिवार. रामानुजन लायब्ररीच्या तळघरात उतरतात. शोधताहेत जुन्या तमिळचं प्राथमिक व्याकरण, कारण तमिळ घरातली भाषा असली तरी जुनी तमिळ ते कधी शिकलेच नव्हते. आणि हाताला लागतं दुसरंच पुस्तक, कुरुंदोगै, प्राचीन तमिळ प्रेमकवितांचा संग्रह, 1937 ची आवृत्ती. संपादक उ. वे. स्वामीनाथ अय्यर, ज्यांनी गावोगाव फिरून ताडपत्रं वाचवली. रामानुजन तिथंच मांडण्यांच्या मधे फरशीवर बसले आणि चाळायला लागले. कवितांवरचं गद्य भाष्य समजतंय, आणि त्याच्या आधारानं कविता उघडतेय, एक, मग दुसरी.

विचार करा, तमिळ आईच्या पोटी जन्मलेला माणूस, आणि आपल्या भाषेतली सर्वात जुनी कविता त्याला भेटते कुठं, तर शिकागोच्या तळघरात. त्यांनीच पुढं लिहिलंय की परंपरा आपल्याच घराण्याची असली तरी जन्मानं मिळत नाही, ती कमवावी लागते.

त्यातली ही एक. कवीचं नाव कुणाला ठाऊक नाही, कवितेतल्या ओळीवरूनच त्याला नाव पडलं, लाल मातीवर पडणाऱ्या पावसाचा कवी.

माझी आई तुझ्या आईची कोण?
माझा बाप तुझ्या बापाच्या कुठल्या नात्यातला?
तुझीमाझी ओळख तरी कुठली?
पण लाल मातीत पाऊस मुरावा
तशी आपली मनं मिसळून गेली.

आंबोलीच्या घाटात पहिला पाऊस बघितलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. मातीतून पाणी परत वेगळं काढता येत नाही, एवढंच. आपल्या गाथासप्तशतीतल्या, म्हणजे जुन्या प्राकृतातल्या, गाथा वाचणाऱ्यांना इथं ओळखीचा वास येईल.

1967 मध्ये या कवितांचं इंग्रजी पुस्तक आलं. आणि अनुवाद कसा केला तेही बघण्यासारखं आहे. तमिळमध्ये नामाची सगळी वर्णनं आधी येतात आणि नाम मागून, क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखंच, 'काल पावसात भिजून आलेला तो मुलगा'. इंग्रजीत हे उलटं होतं. म्हणून त्यांनी ओळी तोडल्या, पायऱ्यांसारख्या आत-बाहेर ठेवल्या, म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा सावकाश खाली उतरेल आणि प्रतिमा आपल्या जागी येईल. व्याकरणातला डॉक्टर आणि कवी एकाच हातानं काम करतात ते असं.

मग 1973 ला वचनं, म्हणजे शिवभक्त संतांच्या कन्नड कविता, इंग्रजीत. बसवण्णा, दासिमय्या, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू. बसवण्णांचं मंगळवेढ्याशी नातं आहे, म्हणजे आपल्याला परके नाहीतच. त्यांचं एक वचन असं: श्रीमंत शिवाचं देऊळ बांधतील, मी गरीब काय करू? पाय माझे खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस. स्थावर मोडून पडेल, जंगम राहील. पेंग्विनच्या त्या छोट्या पुस्तकामुळं बाराव्या शतकातली कन्नड जगभरच्या वाचकांच्या खिशात गेली.

आणि यांच्या स्वतःच्या कविता? इंग्रजीतला पहिला संग्रह 1966 चा, 'द स्ट्रायडर्स'. कन्नडमधला 1969 चा, 'होक्कुळल्ली हूविल्ल', म्हणजे बेंबीत फूल नाही. त्यांची एक इंग्रजी कविता आहे मदुराईच्या वैगै नदीवर. उन्हाळ्यात नदी आटते, पाणी सोडायच्या दारांच्या गजांत गवत आणि बायकांचे केस अडकलेले असतात, ते कुणी लिहीत नाही, कवी गातात फक्त पूर. त्या पुरात तीन घरं गेली, गोपी आणि बृंदा नावाच्या गायी गेल्या, आणि एक गरोदर बाई गेली, पोटात बहुतेक जुळं. जुन्या कवींनी तिच्याबद्दल लिहिलं नाही आणि नवे कवी जुन्यांचंच म्हणत राहिले. 2019 ला कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा बातम्यांत पाण्याची पातळी किती फूट हे सारखं सांगत होते, आणि मला ही कविता आठवत होती. गायींना नावं आहेत, बाईला नाही.

मानसन्मान मिळाले, 1976 ला पद्मश्री, 1983 ला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप, गेल्यानंतर साहित्य अकादमी.

पण बातम्यांत नाव आलं ते वेगळ्याच कारणानं. 300 रामायणांवरचा त्यांचा निबंध, 1991 ला पुस्तकात आलेला. तो दिल्ली युनिव्हर्सिटीत इतिहासाला लावला होता. 2008 ला त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली, 2011 च्या ऑक्टोबरमध्ये अभ्यासक्रमातून काढून टाकला. त्या निबंधात आहे काय? सीता रामाशी वाद घालते, म्हणते इतकी रामायणं झाली, सीता वनात गेली नाही असं एक तरी दाखवा. असं आहे त्यात. एकनाथांचं भावार्थ रामायण वाचणाऱ्यांना आणि जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्यांना यात नवीन काही नव्हतं. मला तो निर्णय तेव्हाही चूक वाटला, आजही वाटतो.

रामानुजन हे बघायला नव्हते. 13 जुलै 1993 ला शिकागोत ऑपरेशनच्या वेळी भूल सोसली नाही, तिथंच गेले. वय 64.

(रात्र. देवळाचा ओटा. एकेक पणती विझते.)

कन्नड लोककथांचं त्यांचं पुस्तक 1997 ला, ते गेल्यावर आलं. त्यातल्या दोन गोष्टी त्यांनी गिरीश कार्नाडांना आधीच सांगितल्या होत्या, आणि त्यांतून 'नागमंडल' नाटक उभं राहिलं. त्या दोनांतली एक अशी.

एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं येत होतं. पण तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. आत कोंडून दोघांचा जीव घुसमटला. एक दिवस बाई तोंड उघडं टाकून झोपली होती, तर गोष्ट बाहेर पडली आणि दारात जोडा होऊन बसली. गाणं पुरुषाचा कोट होऊन खुंटीला लटकलं. नवरा आला, म्हणाला कोण आलंय? बाई म्हणाली, मला काय माहीत. भांडण झालं. नवरा घोंगडं उचलून मारुतीच्या देवळात झोपायला गेला.

गावातले दिवे विझले की त्यांच्या ज्योती त्या देवळात जमायच्या, गप्पा मारायला. त्या रात्री एक ज्योत उशिरा आली. बाकीच्यांनी विचारलं, का गं उशीर? ती म्हणाली, आमच्या घरी भांडण चाललं होतं, आणि मग तिनं जोडा कुठला, कोट कुठला, सगळं सांगितलं. अंधारात नवरा ऐकत होता.

सकाळी तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, तुला येतं ते गाणं कुठलं, ती गोष्ट कुठली?

ती म्हणाली, कुठली गोष्ट? कुठलं गाणं?