पर्याय पुढे करणे आणि आवड विचारणे

श्रोतेहो, समजा यजमान पाहुण्याला इंग्रजीत विचारतो, ‘डू यू लाइक कॉफी?’ पाहुणा ‘येस, आय डू’ असे म्हणतो आणि स्वस्थ बसून राहतो. प्रसंगावरून तो यजमानाचा हेतू ओळखेलही, पण शब्दांपुरते पाहिले तर त्याला अजून कोणी काही देऊ केलेलेच नाही. त्याच्या आवडीची चौकशी झाली आणि त्याने खरे ते सांगितले, एवढेच घडले. तोच प्रश्न ‘वुड यू लाइक सम कॉफी?’ असा आला असता, तर उत्तर ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’ असे मिळाले असते. शिकवताना मी या उत्तरांकडे आधी लक्ष वेधतो, कारण विनंतीचा आणि आभाराचा शब्द जिथे सहज येतो, तिथे समोरच्याने काहीतरी देण्याची तयारी दाखवलेली असते.

मराठीत ही गल्लत सहसा होत नाही. ‘तुम्हाला कॉफी आवडते का?’ आणि ‘तुम्ही कॉफी घेणार का?’ या दोन कामांसाठी आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत ‘लाइक’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे राबते आणि फरकाचा सगळा भार ‘डू’ आणि ‘वुड’ या छोट्या शब्दांवर पडतो. ‘वुड’ हे मुळात ‘विल’चे भूतकाळी रूप आहे, मात्र इथे त्याचा काळाशी संबंध उरलेला नाही, आपण आत्ताच हवी असलेली गोष्ट मागताना ‘मला थोडी माहिती हवी होती’ असे म्हणतो, तेव्हा ‘होती’ जे मार्दव आणते, तेच काम ‘वुड’ करते. पुढचे रूपही बदलते: खिडकीजवळ बसण्याची आवड विचारताना ‘डू यू लाइक सिटिंग बाय द विंडो?’ म्हणता येते, पण तिथली जागा देऊ करताना ‘वुड यू लाइक टू सिट बाय द विंडो?’ असेच म्हणावे लागते. ‘आय’ड लाइक’ मधला ‘ड’ ओझरता उच्चारला जातो. तो गळला की ‘मला हवे आहे’चे ‘मला आवडते’ होऊन बसते.

‘ऑर’ या शब्दाची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. ‘वुड यू लाइक टी ऑर कॉफी?’ या वाक्यात ‘टी’वर आवाज चढला आणि ‘कॉफी’वर उतरला, तर दोहोंपैकी एक निवडा, असा अर्थ होतो. आवाज शेवटपर्यंत चढताच राहिला, तर काही पेय घेणार का, एवढेच विचारलेले असते आणि ‘नो, थँक यू’ हे पूर्ण उत्तर ठरते. आपण हा भेद सुरावर न सोडता शब्दांत ठेवला आहे. ‘चहा की कॉफी?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर होऊ शकत नाही. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याला होऊ शकते. म्हणून ‘ऑर’ ऐकताना आणि उच्चारताना मनात ‘की’ आहे की ‘किंवा’, हे आधी ठरवावे, असा माझा आग्रह असतो. लेखी इंग्रजीत सूर नसतो, त्यामुळे भेटीचा वार विचारताना ‘विच डे वुड सूट यू, मंडे ऑर ट्यूजडे?’ असे लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

‘प्रिफर’ हे क्रियापद आवड विचारणे आणि देऊ करणे या दोन टोकांच्या मधोमध उभे आहे. ‘डू यू प्रिफर’ने एकंदर कल विचारला जातो, ‘वुड यू प्रिफर’ने बहुधा समोर असलेल्या पर्यायांतून निवड मागितली जाते. ‘प्रिफर’मागे तुलनेसाठी ‘टू’ येतो, तर ‘वुड रादर’मागे क्रियापदाचे मूळ रूप आणि मग ‘दॅन’. इथे फक्त सराव लागतो.

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत बोलणे हीसुद्धा एक कृती असते, हा विचार मांडला होता. आपल्या विषयात तो फार स्पष्ट दिसतो. एखाद्या अर्जात ‘डू यू प्रिफर मॉर्निंग ऑर इव्हिनिंग?’ असे छापलेले असेल, तर विचारणाऱ्याने सकाळची वेळ देण्याचे कबूल केलेले नसते; त्याने माहिती गोळा केलेली असते. ‘वुड यू लाइक अ मॉर्निंग अपॉइंटमेंट?’ असे विचारणाऱ्याने मात्र स्वतःला बांधून घेतलेले असते, आणि आपण ‘येस, प्लीज’ म्हटल्यावर त्याने वेळ नाकारली, तर त्याला दोष देण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आवड विचारल्याला देकार समजून निराश झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे मला वाईट वाटते, कारण त्यांचे शब्दज्ञान अपुरे नव्हते.

शेवटी उत्तर देणाऱ्याविषयी एक सूचना करतो. दोन्ही पर्याय चालणार असतील, तर ‘आयदर इज फाइन’ म्हणावे. ब्रिटिश वापरातले ‘आय डोन्ट माइंड’ही आपल्या ‘काहीही चालेल’च्या जवळचे आहे. त्याच्या जागी ‘आय डोन्ट केअर’ म्हटले, तर देणाऱ्याला आपल्या देकाराची किंमतच केली नाही असे वाटते, आणि तो पुन्हा विचारत नाही.