वजनदार तारे गर्दीतच का जन्मतात?

राम राम राजेहो! हरभरा घाट्यांवर आलाय, रानडुकरं रोज रात्री हजर, म्हणून आजचा व्हिडिओ जागलीवरूनच.

वर मृग बघा. बाणाचे तीन तारे दिसले? त्यांच्या जरा खाली एक धुरकट ठिपका आहे. माझ्या मोबाईलात यायचा नाही, तुम्ही डोळ्यांनीच बघा. तो ओरायन तेजोमेघ, म्हणजे तारे जन्मतात तो वायू-धुळीचा ढग, साधारण १,३५० प्रकाशवर्षं लांब. छोट्या दुर्बिणीतून त्याच्या पोटात चार तारे अगदी खेटून बसलेले दिसतात. त्यातला सगळ्यात तेजस्वी सूर्याच्या तिसेक पट वजनाचा. आणि खरं सांगू का, त्याचं वजन एवढं वाढायलाच नको होतं.

काहून? सूर्यासारखा तारा निवांत आकसतो. पोटात हायड्रोजन पेटायला कोट्यवधी वर्षं लागतात, तोवर भोवतालचा वायू संपलेला असतो. वजनदार गडी मात्र खाता खाताच पेटतो. मग त्याचाच प्रकाश येणाऱ्या धुळीला बाहेर ढकलतो. उफणताना वाऱ्यानं कुटार उडतं ना, तसं. फक्त इथं दाणेही कुटारासोबत जातात, म्हणजे धुळीबरोबर वायूही. जुनी गणितं म्हणायची, तारा काही मर्यादेपुढं वाढूच शकत नाही.

पण त्या गणितांत माल चारही बाजूंनी सारखा पडतो असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो गरगरणाऱ्या चकतीतून येतो. प्रकाश वरून-खालून निसटतो, चकतीतला वायू आत सरकत राहतो. २००९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्क क्रमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी हे संगणकावर चालवून पाहिलं, तर तारा सूर्याच्या चाळीस पटींपुढं गेला.

आता गर्दीचं काय? शास्त्रज्ञांचा एक गट म्हणतो, एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या अख्ख्या गुच्छाचं गुरुत्व वायू मधोमध ओढतं, आणि मध्ये बसलेल्याच्या ताटात जास्त पडतं. दुसरा म्हणतो, छे, तारा ज्यातून झाला तो ढगाचा गोळाच मुळात भारी होता. तारे एकमेकांवर आदळून मोठे होतात असंही एक मत आहे. ऐकायला भारी, पण त्याला लागणारी दाटी ओरायनमध्येही नाही.

मला पहिला गट पटतो. ओरायनचा गुच्छ जेमतेम काही दशलक्ष वर्षांचा, आणि तरी वजनदार तारे नेमके मधोमध आहेत. बाहेर जन्मून एवढ्यात तिथवर बुडत येणं अवघडच. दुसऱ्या गटाकडं यावरही उत्तर आहे म्हणा. ते पुढच्या भागात.