साबळेला दुष्काळानं घडवलं नाही

पत्रिकेवर आजचा विषय ‘स्टीपलचेसचं तंत्र’ असा छापलाय. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची तीन हजार मीटरची शर्यत. त्याकडे येतोच. पण पुढं आष्टीकडची मंडळी बसलेली दिसतायत, म्हणजे मांडव्याच्या स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळेशी मावस-चुलत नातं निघणारे इथं निम्मे तरी असणार! (हशा) तर आधी एक बोलून घेतो, फार दिवस मनात आहे.

अविनाशचं कौतुक करायला उठलेला आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक वक्ता म्हणतो, ‘बीडच्या दुष्काळानं हा हिरा घडवला.’ एका सत्काराला मी हजर होतो. प्रमुख पाहुणे सगळं भाषण दुष्काळावरच बोलले. अमरीश कुमार हे त्याच्या प्रशिक्षकांचं नाव एकदाही आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

अहो, दुष्काळ धावपटू घडवत असता तर आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी एक ऑलिम्पियन निघाला असता! दुष्काळ पोरांना उसाच्या फडात नेतो. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, आईबाप कोयत्यावर जातात आणि वर्गात सगळ्यात जोरात पळणारी पोरगी धाकट्या भावाला सांभाळत फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, बसते. शालेय स्पर्धाही बऱ्याचदा याच दिवसांत. क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली, असे पाय डोळ्यांदेखत गेलेले पाहिलेत.

अविनाशही सहा किलोमीटर चालत शाळेत जायचा, हे खरंच. पण तसे चालणारे गावात तो एकटा नव्हता. फरक पडला तो बारावीनंतर. सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंट. सियाचिन पाहिलं, राजस्थानची वाळू पाहिली. पगार आला, पोटभर आणि वेळेवर जेवण आलं. 2017 मध्ये अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला 8 मिनिटं 29.80 सेकंद! गोपाल सैनींचा 1981 चा 8:30.88 हा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता.

आणि बर्मिंगहॅम. 6 ऑगस्ट 2022. हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाची. त्या दिवशीही केनियाचे तिघे, त्यात रिओचा ऑलिम्पिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो. शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढं अब्राहम किबिवोट आणि मागं आपला अविनाश, अंतर तुटत चाललेलं. किबिवोट 8:11.15, अविनाश 8:11.20. रौप्य! पाच शतांश सेकंद! शर्यतीत अडथळे पस्तीस. भागाकार करा, एका अडथळ्यामागं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडंसं जास्त. म्हणजे प्रत्येक अडथळ्यावर पाऊल एवढंसं नीट पडलं असतं तरी सुवर्ण होतं. (टाळ्या) ते त्यानं पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिळवलं, 8:19.50, स्पर्धाविक्रमासह.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग तंत्राचं भरभर सांगतो.

साडेसात फेऱ्या, 28 कोरडे अडथळे आणि 7 पाण्याचे. पुरुषांसाठी उंची 91.4 सेंटीमीटर. हर्डल्सचा अडथळा धक्का लागला की पडतो. हा हलत नाही, माणूस पडतो. म्हणून बुटक्या अडथळ्यावरून कधी डावा, कधी उजवा, कुठलाही पाय पुढं टाकून उडी घ्यायची सवय लहानपणीच लागावी. गर्दीत कुठला पाय पुढं येईल, ते आपल्या हातात नसतं. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढं चढत येणारा. जितकी लांब उडी, तितकं पाणी कमी आणि पाय हलके. दमलेल्या पायांनी शेवटच्या फेरीत हे जमावं लागतं, म्हणून सराव दमल्यावरच करायचा, ताज्या पायांनी नाही.

यातलं काय दुष्काळ शिकवतो? हे शिकवणारा माणूस लागतो.

माझं मागणं छोटं आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तिथं संध्याकाळी तासभर मैदान, एक क्रीडाशिक्षक आणि पक्का रोवलेला लाकडी अडथळा द्या. सुताराला माप मी काढून देतो. जिल्हा परिषदेचे सदस्य बसलेत इथं, कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबतो. पहिलं वसतिगृह कुठलं घ्यायचं, ते आजच ठरवू.