फोटो बघू नका, फोन करा

नमस्कार श्रोतेहो. गाईडसोबत बोट घेऊन गळाने मासे धरायला जायचं तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. बोट ठरवताना फोटो बघत बसू नका, फोन करा. आणि बोलायचं ते बोट चालवणाऱ्याशी. बुकिंगचे पैसे घेणाऱ्याशी नव्हे, तांडेलाशी.

मी पहिल्यांदा फोटो बघूनच गेले होते. फोटोत माणसाच्या कमरेला लागेल एवढा मासा. प्रत्यक्षात बोटीवर आम्ही आठ जण आणि रॉड चार. मासा लागला की खलाशी रॉड उचलायचा, मासा जवळ ओढून आणायचा आणि शेवटच्या दोन वेढ्यांसाठी रील, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी, आमच्या हातात द्यायचा. ती सामायिक ट्रिप होती, म्हणजे अनोळखी लोकांबरोबर बोट वाटून घ्यायची. त्यात वाईट काही नाही, एकट्या माणसाला तीच परवडते. पण माणशी रॉड किती, मासा खेळवणार कोण, हे आधी विचारायला हवं. त्या बोटीवर मोठ्याने गाणीही लावली होती. मला ते अजिबात सहन होत नाही. पाण्यावर माणूस जातो तेव्हा त्याला पाणी ऐकू आलं पाहिजे.

आता मामांची गोष्ट.

मामा ७२ वर्षांचे. नदीच्या डोहावर काठीला गळ बांधून बसण्यात त्यांचं बालपण गेलं, पण समुद्रावर कधी गेले नव्हते. त्यांना घेऊन जायचं म्हणून मी एका तांडेलाला फोन केला. म्हटलं, पौर्णिमेच्या दिवशी येतो, पूर्ण दिवस हवा, खोल पाण्यात न्या. तो लगेच हो म्हणाला नाही. तोच विचारायला लागला. "ताई, कोण कोण येणार? कुणाला गाडी लागते? कुणाची पाठ, गुडघे, छातीचं काही?" मी सांगितलं, मामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग खोल समुद्र नको. जायला दीड तास, यायला दीड तास, लाटेवर बोट आपटत जाते. मणक्याला ते झेपायचं नाही. अर्धा दिवस घ्या, खाडीच्या तोंडाशी जाऊ. आणि पौर्णिमेला उधाण असतं, तिथे पाणी फार ओढतं. अष्टमीच्या सुमारास या, भांगाच्या भरतीला पाणी बेताने चालतं." श्रोतेहो, पूर्ण दिवसाचं भाडं सोडून तो अर्ध्या दिवसावर आला. शेवटी म्हणाला, "आणखी एक. मोठा जिताडा लागला तर आम्ही तो परत सोडतो. चालेल ना?" मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "आधी लागू तर दे!"

आम्ही अंधार असतानाच निघालो. तांडेलाने मामांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, त्यांना बोटीच्या मागच्या बाजूला बसवलं, कारण तिथे हिसके कमी बसतात. पाणी थांबलेलं होतं. तासभर काहीच नाही. मग ओहोटी लागली, दोर हळूहळू ताणायला लागला, आणि एकदम रील किर्रर्र करत सुटलं. वीस-पंचवीस हातांवर जिताडा पाण्याबाहेर आला, सबंध अंग वर, डोकं झाडत, आणि धपकन आत.

मामा घाबरले. "अगं, धर, तू धर!" म्हणून रॉड माझ्याकडे द्यायला लागले. मी हात पुढे केलाही होता. तांडेल म्हणाला, "ताई, हात लावू नका. काका, मासा तुमचा आहे." गळाच्या मासेमारीतल्या जागतिक विक्रमांची नोंद 1939 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ठेवते. तिचाही नियम हाच आहे, दुसऱ्या कुणाचा हात रॉडला लागला की तो मासा विक्रमात धरत नाहीत. आम्हाला विक्रम करायचा नव्हता. पण तांडेल रॉडला शिवला नाही तो नाहीच. तो मामांच्या मागे उभा राहिला आणि एक तळवा त्याने त्यांच्या पाठीला लावून ठेवला, बरोबर ऑपरेशनच्या जागेच्या वर. आणि हळू आवाजात सांगत राहिला. "टोक वर... आता खाली आणता आणता गुंडाळा... पळतोय, पळू द्या... आता वर."

मासा बोटीशी आला तेव्हा मामांचे दोन्ही हात थरथरत होते. तांडेलाने आधी स्वतःचे हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. पक्कडीने गळ काढला. म्हणाला, "काका, जिताडा लहानपणी नर असतो, वाढला की मादी होतो. ही एवढी मोठी म्हणजे मादीच, अंडी घालणारी." मामांनी विचारलं, "मी सोडू?" बोटीच्या काठावर वाकता येत नव्हतं म्हणून ते गुडघ्यांवर बसले. मासा पाण्यात धरून ठेवला. कल्ले चालायला लागले, शेपटीचा एक फटका मामांच्या तोंडावर पाणी उडवून गेला. त्यांनी ते पुसलं नाही.

असा तांडेल फोटोत सापडत नाही, तो फोनवरच कळतो. म्हणून पुन्हा सांगते, फोन करा. आणि तो तुम्हाला काय विचारतो, तेही ऐका.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा भराभर सांगते. वारा किती नॉट झाला की ट्रिप रद्द करता, हे विचारा. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. वारा 11 नॉटच्या वर गेला की लाटांवर पांढरा फेस वाढायला लागतो, आणि लहान बोटीला तो जाणवतो. ज्याच्याकडे या प्रश्नाला आकडा नाही, त्याच्या बोटीत बसू नका. हवामानामुळे तांडेलाने ट्रिप रद्द केली तर आगाऊ पैसे परत मिळणार की पुढची तारीख, हे लेखी घ्या. परवाना, विमा, माणशी लाइफ जॅकेट, वायरलेस यांची विचारणा करायला लाजू नका, चांगल्या तांडेलाला त्याचा राग येत नाही. धरलेला मासा कुणाचा, तेही आधीच ठरवा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

आणि मुलांना नेत असाल तर त्यांना दोन गाठी घरीच शिकवून न्या. गाठ मारता न येणारी मुलं वाढताहेत, याची मला खरंच काळजी वाटते.

मामांनी कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या अष्टमीला खूण केली आहे. मी उद्या सकाळी तांडेलाला फोन लावणार आहे. नमस्कार.