लाँगब्रिज: वाचवायचं कुणाला?

(दृश्य: कारखान्याचं फाटक, पाळी सुटतानाची गर्दी. जुनं चित्रण.)

बुडत्या कंपनीला सरकारने मदत करावी का? त्यासाठी पाहू या ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहरातलं लाँगब्रिज. हर्बर्ट ऑस्टिन यांनी 1905 साली इथे मोटारींचा कारखाना काढला. आजोबा, वडील, मुलगा, तिघेही याच कारखान्यात, अशी घरं इथे होती.

पुढे हा कारखाना ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीकडे आला. 1975 साली ही कंपनी बुडायला आली, तेव्हा सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. वर्षानुवर्षं जनतेचा पैसा तिच्यात ओतला गेला. पुढे 'रोव्हर' नाव मिळालेली ही कंपनी सरकारने 1988 मध्ये विकली. 1994 मध्ये ती बीएमडब्ल्यूकडे आली आणि 2000 साली बीएमडब्ल्यूने लाँगब्रिज आणि रोव्हर स्थानिक उद्योजकांच्या एका गटाला दिले. किंमत, फक्त 10 पौंड.

सरकारने या सौद्याला जाहीर पाठिंबा दिला. पण कारभारावर स्वतःचा माणूस बसवला नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली.

(दृश्य: सिटी रोव्हर, पुण्यातली इंडिका.)

नवं मॉडेल काढायला रोव्हरकडे पैसा नव्हता. म्हणून 2003 मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका रोव्हरचा बिल्ला लावून 'सिटी रोव्हर' या नावाने ब्रिटनमध्ये विकायला काढली. ती फारशी चालली नाही.

एप्रिल 2005. चिनी कंपनीशी चाललेली बोलणी फिसकटली. निवडणूक महिन्यावर आलेली. सरकारने 65 लाख पौंडांचं कर्ज दिलं. त्यातून आठवडाभराचे पगार निघाले आणि कारखाना बंद पडला. सहा हजारांच्या आसपास माणसं एका झटक्यात बेकार झाली. सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार वेगळेच.

पुढे सरकारी चौकशीत आकडा बाहेर आला: कंपनीच्या पाच प्रमुखांनी पगार आणि पेन्शनपोटी चार कोटींहून जास्त पौंड घेतले होते. कामगारांसाठी जो निधी उभारायचं वचन दिलं होतं, त्यात माणशी जेमतेम 3 पौंड येतील एवढीच रक्कम उरली.

बहुतेकांना नंतर काम मिळालं, पण अनेकांना पूर्वीपेक्षा कमी पगारावर. कुशल फिटर गोदामात माल उचलू लागला, तर त्याच्या हातातली विद्या कुठे जाते?

म्हणून सरकारने मदत करावी, असंच मी म्हणेन. पण ती वेळेवर हवी, मालकीत वाटा घेऊन हवी, प्रमुखांच्या पगाराला वेसण घालून हवी. आणि कंपनी जगणारच नसेल, तर तोच पैसा थेट कामगारांच्या पेन्शनसाठी, प्रशिक्षणासाठी आणि पुरवठादारांची थकलेली बिलं चुकती करण्यासाठी खर्च व्हावा.