काशीच्या राजाचा आड

इंग्लंड. ऑक्सफर्डशायर. चिल्टर्नच्या टेकड्यांवरचं हे स्टोक रो गाव. मागे बीचच्या झाडांची दाट राई, पुढे शांत रस्ता. आणि रस्त्याकडेलाच, या गावात कधी कल्पनाही केली नसती असा घुमट.

घुमटाखाली रहाट आहे. जरा जवळ या. रहाटावर एक सोनेरी हत्ती उभा आहे.

इंग्लंडात पाऊस थोडा का पडतो? पण हे डोंगर खडूच्या दगडाचे. पडेल ते पाणी जिरून खोल खाली जातं. वर ना ओढा, ना झरा. पूर्वी गावकऱ्यांची भिस्त डबक्यांतल्या गढूळ पाण्यावर असायची. उन्हाळ्यात तेही आटायचं.

इथल्याच पंचक्रोशीतले एडवर्ड रीड कंपनी सरकारचे अधिकारी म्हणून हिंदुस्थानात होते. त्यांनी आझमगड भागात विहीर खणायला मदत केली होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह त्यांचे स्नेही. बोलता बोलता रीड यांनी आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगितली म्हणतात: घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका आईनं पोराला चोप दिला होता. महाराजांच्या ती मनात राहिली. १८५७ साली हे महाराज इंग्रजांच्या बाजूनं राहिले होते, हे विसरायचं नाही. पण त्या पोराची तहान त्यांना कळली, हेही तितकंच खरं.

१८६३ साली महाराजांच्या पैशानं इथे खणायला सुरुवात झाली. तोंड फक्त ४ फूट रुंद, म्हणजे आपल्या भाषेत ही विहीर नव्हे, आड. आत एका वेळी एकच माणूस मावणार. आधी माती, मग खडू, सगळं हातानं फोडायचं आणि बादली बादलीनं वर काढायचं. खोली ३६८ फूट! आपल्याकडची जुनी माणसं म्हणाली असती, साठ परस, म्हणजे साठ पुरुष खोल. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल क्रूसासकट ३६५ फूट उंच आहे. या आडाच्या शेजारी त्याचं माप तोकडं पडतं. खाली उतरलेल्या त्या माणसाला वरचं आभाळ केवढं दिसत असेल? रुपयाएवढं?

१८६४ साली आड गावासाठी खुला झाला. भरलेली बादली वर यायला १० मिनिटं लागायची. पण पाणी फुकट होतं, आणि स्वच्छ. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. रखवालदाराला छोटं घर बांधून दिलं. मला या दानातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते: नुसता आड खणला नाही, तो पुढे चालेल कसा याचाही विचार केला.

पुढे नळ आले आणि रहाट थांबला.

१९६४ साली आडाला १०० वर्षं झाली. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप आले होते. गंगेचं पाणी मुद्दाम आणलेलं. आपल्या देवघरातल्या गडूत असतं, तेच. ते आडात ओतलं, आणि ३६८ फूट खाली जाऊन ते चिल्टर्नच्या पाण्याला मिळालं.